मांस सोडलं, अंडी वाढली; आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: प्राण्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून सहा आठवड्यांपूर्वी मांस-मासे बंद केले. प्रथिनं भरून काढायला रोज तीन अंडी सुरू केली, चीज आणि दहीही वाढवलं. तरी दुपारी चारच्या सुमाराला कडकडून भूक लागते, कडधान्यं खाल्ली की पोट फुगतं, अंगात त्राण नसतं. अंडी-दूध चालू ठेवावं का? तेही सोडलं तर शरीराला झेपेल का?

झेपेल, नीट आखणी केली तर. सध्या केलेला बदल मात्र दोन्हीकडून अडतोय. ज्या प्राण्यांसाठी तो केला त्यांच्यातल्या सगळ्यात जास्त सोसणाऱ्यांवरचं ओझं त्यानं वाढलंय, आणि ताटातून जे गेलं त्याच्या जागी पुरेसं काही आलेलं नाही. आधी प्राण्यांचं बघू, कारण मूळ कारण तेच आहे.

जगभरात दरवर्षी जमिनीवरचे ८० अब्जांच्या आसपास प्राणी खाण्यासाठी मारले जातात. त्यातल्या ७० अब्जांहून जास्त एकट्या कोंबड्या. याचं कारण साधं आहे. एका मोठ्या बैलाचं जेवढं मांस निघतं तेवढ्यासाठी शंभराहून जास्त कोंबड्या लागतात. म्हणून 'लाल मांस सोडलं, आता फक्त चिकन' हा आरोग्यासाठी केला जाणारा बदल प्राण्यांच्या दृष्टीनं उलटा पडतो: जिवांची संख्या वाढते, आणि तीही सगळ्यात दाटीवाटीनं ठेवल्या जाणाऱ्या जिवांची. ब्रॉयलर पिल्लू ३५ ते ४२ दिवसांत दोन-सव्वादोन किलोचं होतं. वजन इतक्या झपाट्यानं चढतं की पायांची हाडं त्याला पुरी पडत नाहीत. शेवटच्या आठवड्यात अशी पिल्लं उभी कमी राहतात, बसूनच जास्त असतात. खाली ओल्या विष्ठेचा थर असेल तर त्यातल्या अमोनियानं छाती आणि गुडघे पोळतात.

अंड्यांचं चित्र याहून वेगळं, पण हलकं नाही. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते. अंड्यांसाठी पैदास केलेली कोंबडी वर्षाला ३०० घालते. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाद्यातून तेवढं भरून निघालं नाही की ते हाडातून ओढलं जातं. त्यामुळे छातीचं हाड मोडलेल्या कोंबड्या सर्रास आढळतात, मोकळ्या सोडलेल्या कळपांतसुद्धा. साध्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ४५० ते ५५० चौरस सेंटीमीटर जागा येते. ए-फोर आकाराचा कागद ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. तो कागद टेबलावर ठेवून बघा. एवढ्या जागेत पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. अंडं घालण्याआधी कोंबडी जागा शोधत येरझाऱ्या घालते, आणि जागा मिळाली नाही तरी ती ओढ तिला सोडत नाही. युरोपियन संघानं असे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. त्यांच्या जागी आलेल्या सुधारित पिंजऱ्यांत दर कोंबडीला ७५० चौरस सेंटीमीटर, बसायला दांडी आणि घरट्याचा कोपरा असतो. सुधारणा आहे, पण पिंजरा तो पिंजराच.

'पिंजरामुक्त' किंवा 'मोकळ्या कोंबड्यांची' असं लिहिलेली अंडी घेतली तर कोंबडीचं जगणं खरंच थोडं बरं असतं, हे मान्य करायला हवं. पण त्यानं नर पिल्लांचा प्रश्न सुटत नाही. अंड्यांच्या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी भरत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी ते जन्माच्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली. तिथं आता अंड्यातच लिंग ओळखण्याच्या पद्धती वापरतात. जिथं अशी बंदी नाही तिथं दर अंडी देणाऱ्या कोंबडीमागे एक मेलेलं नर पिल्लू धरावं. रोज तीन अंडी म्हणजे वर्षाला १०९५. साडेतीनहून जास्त कोंबड्यांचं वर्षभराचं घालणं झालं ते.

दुधाच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बाकीचं उलगडतं: गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू ठेवायचं तर ती साधारण दरवर्षी गाभण राहिली पाहिजे, वासरू लवकर वेगळं केलं पाहिजे, आणि त्यातली निम्मी वासरं नर असतात ज्यांचा दुधाच्या धंद्याला उपयोग नाही. गाय वीस वर्षांपर्यंत जगू शकते; जास्त दुधासाठी ठेवलेली गाय कासदाह, लंगडेपणा किंवा गाभण न राहणं यांपैकी कशानं तरी पाच-सहा वर्षांचीच बाद होते. पण एक गाय दिवसाला वीस-तीस लिटर दूध देते, त्यामुळे दर पेल्यामागे येणारी प्राण्यांची संख्या अंड्यांपेक्षा बरीच कमी. चीज मात्र जपून: एक किलो कडक चीजला दहा लिटरच्या आसपास दूध लागतं.

माशांची तर जागतिक आकडेवारी नगांत ठेवलीच जात नाही, टनांत ठेवतात. लहान मासे खाल्ले की जीव जास्त जातात. आणि सॅल्मनसारखे पाळलेले मांसाहारी मासे वाढवायला दुसरे मासे दळून घालतात.

म्हणून क्रम सुचवायचा तर असा: कोंबडी आणि लहान मासे आधी, मग अंडी, मग चीज, सगळ्यात शेवटी दूध-दही. तुमचं मांस-मासे सुटलंच आहे, तर आता पहिला हात अंड्यांना घाला आणि दही दोन-तीन महिने राहिलं तरी चालेल. एका दमात सगळं सोडून तीन महिन्यांनी सगळं परत धरण्यापेक्षा हे प्राण्यांच्याही जास्त हिताचं आहे.

आता भुकेकडे. १५० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत सुमारे २५० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिनं असतात. तिच्या जागी तेवढीच उकडलेली भाजी आली तर ५०-६० उष्मांक आणि तीन-चार ग्रॅम प्रथिनं मिळतात. ताट भरलेलं दिसतं, पोटही तासभर भरतं, आणि चार वाजता हिशेब चुकता होतो. सहा आठवड्यांत येणारा थकवा बहुतेकदा असाच, कमी खाण्याचा असतो. बी-१२ किंवा लोह इतक्या लवकर संपत नाही, साठा आधीच तळाला नसेल तर. म्हणून आधी आठ दिवस काय आणि किती खाल्लं ते वजनासकट लिहून काढा. गोळ्यांचा विचार त्यानंतर.

प्रथिनं शरीराच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅम धरा. प्रौढांसाठीची नेहमीची शिफारस ०.८ ग्रॅमची आहे, पण वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात म्हणून ही वाढ. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम. शिजवलेली मसूर २०० ग्रॅम (१८ ग्रॅम प्रथिनं), घट्ट टोफू, म्हणजे सोया दुधाचं पनीर, १५० ग्रॅम (सुमारे २०), सोया दूध एक पेला (७), शेंगदाणे मूठभर म्हणजे ३० ग्रॅम (७), आणि दिवसभराच्या धान्यातून १०-१२, की झालं. यात टोफू नको असेल तर ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स घ्या, त्यांत जवळजवळ निम्मं वजन प्रथिनांचंच असतं. दूध बदलताना बदामाचं किंवा तांदळाचं पेय सोया दुधाच्या बरोबरीचं समजू नका. त्यांत पेल्याला जेमतेम एक ग्रॅम प्रथिन असतं.

धान्य आणि कडधान्य एकाच घासात हवं असं नाही, पण दिवसभरात दोन्ही हवीत. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि कडधान्यात भरपूर. जे लोक मांस सोडून नुसत्या भात-पाव-पास्त्यावर येतात त्यांची अडचण नेमकी इथं होते.

पोट फुगण्याचं कारण कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. उपाय तीन. ८ ते १२ तास भिजवा आणि ते पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा. मोड आणलेत तर आणखी फरक पडतो. प्रमाण हळू वाढवा: पहिल्या आठवड्यात जेवणाला दोन-तीन चमचे शिजलेली सालीविना डाळ, मग अर्धी वाटी, मग अख्खी कडधान्यं. दोन-तीन आठवड्यांत आतडं सरावतं. पाणीही वाढवा, कारण तंतू (फायबर) एकदम वाढले आणि पाणी तेवढंच राहिलं की बद्धकोष्ठ होतं. राजम्याच्या बाबतीत कडक नियम: भिजवून पाणी ओतून द्यायचं आणि खळखळत्या उकळीवर निदान दहा मिनिटं ठेवायचाच. कच्च्या राजम्यात असलेलं लेक्टिन उलट्या-जुलाब घडवतं, आणि मंद आचेच्या भांड्यात ते नष्ट होत नाही.

ज्यांना कडधान्यं अजिबात सोसत नाहीत त्यांच्यासाठी टोफू हा खरा आधार, कारण त्या साखरा बऱ्याचशा पाण्यासोबत निघून जातात. तो घरी करता येतो. विकत मिळत असेल तरी एकदा करून बघावा, म्हणजे चांगला टोफू कसा असतो ते हाताला कळतं.

२५० ग्रॅम सोयाबीन दहा-बारा तास भिजवा. उकाडा असेल तर आठ तास पुरतात, मात्र मध्ये पाणी बदला. दाणा भिजला की नाही ते फोडून बघा. दोन्ही डाळिंब्यांचा आतला भाग सपाट आणि एकसारखा दिसला पाहिजे. मध्ये खळगा असेल तर अजून वेळ आहे. एकूण दोन लिटर पाणी घेऊन दोन-तीन घाण्यांत अगदी बारीक वाटा. भांडं मिश्रणाच्या दुप्पट मोठं घ्या. हे दूध गाईच्या दुधापेक्षा जास्त फसवतं: उकळी यायच्या आधीच फेस उसळून वर येतो आणि उतू जातो. तो फेस म्हणजे उकळी समजून आच बंद केली तर दूध कच्चं राहतं. कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, आणि त्या दुधाला हिरवट, उग्र वासही राहतो. फेस आला की आच कमी करा, तो बसू द्या, खरी उकळी आल्यापासून दहा मिनिटं मोजा. तळाला लागतं, म्हणून सपाट उलथन्यानं सतत तळ खरवडत ढवळा. मग जाड फडक्यातून गाळून घट्ट पिळा. चोथा फेकू नका, वड्यांत किंवा पिठात मिसळता येतो.

दूध ७५ ते ८० अंशांवर आलं की ८ ग्रॅम खाद्य दर्जाचं कॅल्शियम सल्फेट अर्धा पेला पाण्यात कालवून घाला. बांधकामाचं जिप्सम कधीही नाही. दूध आधी गोल ढवळून फिरतं करा, कालवलेलं पाणी एकदम ओता, पळी उभी धरून फिरणं थांबवा आणि झाकून वीस मिनिटं हात लावू नका. नीट जमलं तर पांढऱ्या गुठळ्यांमध्ये पिवळसर, नितळ पाणी दिसतं. पाणी दुधाळ असेल तर आणखी एक-दीड ग्रॅम थोड्या पाण्यात कालवून कडेकडेनं सोडा. गुठळ्या फडकं घातलेल्या चाळणीत अलगद काढा, वरून किलोभर वजन ठेवून अर्धा तास दाबा. चारशे-साडेचारशे ग्रॅमची वडी निघते. ती रवाळ आणि चिवट झाली तर दूध फार गरम होतं किंवा तुम्ही जास्त ढवळलंत. वडी फार लहान निघाली तर वाटण भरड राहिलं. दाताखाली कचकच लागली तर सल्फेट जास्त झालं. लिंबाच्या रसानंही दूध फाटतं, पण वडी आंबूस होते आणि कॅल्शियम मिळत नाही, म्हणून दूध सोडणाऱ्यानं सल्फेटच वापरावं.

बी-१२ वर मी कोणाशीही तडजोड करत नाही. ते जिवाणू बनवतात. वनस्पतींत भरवशाचं असं ते नसतं. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप आहे, आणि तपासणीत ते खऱ्यासारखं दिसून दिशाभूल करतं. अंडी-दूध सोडाल त्याच दिवसापासून रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम सायनोकोबालामिन. गरज जेमतेम अडीच-चार मायक्रोग्रॅमची असताना एवढं का? एका वेळी पोटातला वाहक घटक दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलू शकतो, त्यापुढच्या मात्रेतलं फक्त एक टक्क्याच्या आसपास आपसूक झिरपतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. त्यात भाज्या-कडधान्यांमधलं भरपूर फोलेट रक्तक्षयाची खूण झाकून टाकतं आणि नुकसान नसांचं होत राहतं. तळपायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांचं बी-१२ आधीच कमी असू शकतं, त्यांनी सुरुवातीलाच तपासून घ्यावं.

लोहाबद्दल भीती जास्त आणि खबरदारी कमी असं नेहमी दिसतं. कडधान्यांत लोह पुरेसं असतं, अडचण शोषणाची आहे. जेवणासोबत लिंबू, पेरू, टोमॅटो, सिमला मिरची असं क जीवनसत्त्वाचं काहीतरी घेतलं तर शोषण दुप्पट-तिप्पट होतं. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली तर ते निम्म्याहून खाली येतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवणं हा फुकटातला सगळ्यात मोठा उपाय आहे. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी वर्षातून एकदा फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावं, नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. पण कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे जेमतेम पाच टक्के शोषलं जातं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास, आणि सल्फेटनं लावलेल्या टोफूतलं साधारण तेवढंच. पौष्टिक घटक मिसळलेलं सोया दूध घेत असाल तर बाटली दरवेळी जोरात हलवा, कॅल्शियम तळाला बसतं आणि शेवटी फेकलं जातं. हे हलक्यात घेण्यासारखं नाही. ब्रिटनमधल्या ईपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात (२०२०) पूर्ण वनस्पतिजन्य खाणाऱ्यांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं हे त्यामागचं निदान काही अंशी कारण असावं, आणि तिन्ही हातातल्या गोष्टी आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम यात धराच.

आयोडीनसाठी आयोडीनयुक्त मीठ पुरेसं. 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं सैंधव घेत असाल तर ते बदला. केल्प जातीचं समुद्रशैवाल रोज खाऊ नका, त्यात आयोडीन कित्येक पट जास्त असू शकतं आणि थायरॉइड बिघडतं. ओमेगा-३ साठी रोज एक मोठा चमचा जवसाची ताजी पूड. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं आणि दळून ठेवलेलं खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच दळून फ्रिजमध्ये ठेवा. ड जीवनसत्त्वाची गोळी घेताना एवढंच बघा की नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. दगडफुलापासून केलेलंही मिळतं.

अंड्यांची स्वयंपाकातली जागा भरणं वाटतं तितकं अवघड नाही. बांधून धरायला एका अंड्यामागे एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवून. फेसाळ हलकेपणासाठी शिजवलेल्या काबुली हरभऱ्याचं घट्ट पाणी, तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. केकला तीनहून जास्त अंडी लागत असतील तर मात्र कृतीच दुसरी निवडा.

गर्भवती, स्तनपान देणारी आई आणि लहान मूल यांच्यासाठी हे सगळं आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध किंवा बाळांसाठीचं फॉर्म्युलाच. घरी केलेलं सोया किंवा बदामाचं दूध त्याऐवजी देऊन बाळं गंभीर कुपोषित झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

घरात मांजर असेल तर तिच्यावर हा बदल लादू नका. तिचं शरीर टॉरिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसं बनवत नाही आणि ते वनस्पतींत जवळपास नसतं. कमी पडलं तर दृष्टी जाते आणि हृदयाचा स्नायू सैल पडतो. तिला तिचं मांस मिळू दे.

आजपासून करायचं ते असं: तीन अंड्यांचं एक करा आणि त्या जागी १५० ग्रॅम टोफू आणा, डाळ दुपारच्या जेवणात घ्या, साडेतीनला मूठभर शेंगदाणे आणि एक फळ ठेवा, बी-१२ सुरू करा. बी-१२, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी गोळी घेण्याआधी करून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करायला खरा आकडा हाती राहील. दोन आठवडे पोटभर खाऊनही थकवा तसाच राहिला तर तो आहाराचा न मानता डॉक्टरांना दाखवा.